ही राख

लिहून ठेवतो ऐसा जे की, मी दयानंद भुजंग सोनकांबळे, वय चोपन्न, धंदा वार्ताहर, धर्म ख्रिस्ती (कॅथलिक), राहणार औसा, जिल्हा लातूर, हे माझे पहिले मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाचे दडपण नसताना व कोणत्याही संपादकाची कात्री लागण्याआधी लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी उज्वला हिने तो वाचून "आजच्या तारखेपुरता दिसतोय" असा शेरा मारला. तोही नोंदवतो, म्हणजे पुढे कोर्टात दुसऱ्या कोणी काढायला नको.

निमित्त असे. येत्या सोमवारी लातूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा. त्यांना कल्पना नाही, की गेल्या शनिवारी आमच्या विहिरीला झरा लागला आहे आणि तेव्हापासून मी ताट सोडून, अंघोळ अर्धी टाकून, विहिरीत डोकावायला पळतो आहे. ज्या लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि ज्या गाडीची बातमी मी फलाटावर उभा राहून दिली, त्याच जिल्ह्यात माझ्या नावावरच्या एका खड्ड्यात भर फेब्रुवारीत तळाचा दगड दिसेल असे पाणी उभे आहे. शांत कसला राहतो. पण कायद्याला धाप लागलेली चालत नाही, म्हणून कलमे पाडतो.

कलम १. आधी माझ्या बापाच्या नावाचा घोळ मिटवतो. सातबाऱ्यावर तो भुजंग आहे आणि चर्चच्या रजिस्टरात योसेफ. बाप्तिस्मा देणारे जुने फादर म्हणाले होते, की एदेन बागेतल्या प्रकारानंतर सापाचे नाव रजिस्टरात बरे दिसत नाही. बाप म्हणाला, "फादर, बागंत माणसाच्या आदी त्योच व्हता की." तरी योसेफ लिहिले गेले. दोन्ही इसम एकच समजावेत.

कलम २. राहते घर, त्यातील सर्व भांडीकुंडी, आणि बँकेत जे काही असेल ते, पत्नी उज्वला हिला. घर तसेही तिचेच होते. मी त्यात वर्तमानपत्रे आणून टाकत असे. माझ्या पश्चात ती रद्दी विकण्यास तिला आजपासूनच मुभा आहे. एवढी घाई कशाची, असे मी विचारले होते. उत्तर मिळालेले नाही.

कलम ३. मोटारसायकल ज्याला सुरू करता येईल त्याला.

कलम ४. माझा संस्कृत कोश मित्र राजशेखर यांची कन्या अक्षरा हिला. हा कोश मला उमाशंकर गुरुजींनी दिला. ते मठाच्या शाळेत शिकवायचे. ख्रिस्ती पोराला संस्कृत कशाला, असे मठानेही विचारले आणि मिशननेही. सर्वधर्मसमभाव मी तेव्हाच प्रथम पाहिला. गुरुजी म्हणाले, "धातूला जात नसते." अक्षराने एवढेच करावे, की 'रक्ष्' या धातूचे पान मळले आहे म्हणून कोश बदलून घेऊ नये. ते का मळले, ते पुढच्या कलमात येते.

कलम ५. आता विहीर.

चर्चच्या बाजूच्या दाराला लागून जी जागा आहे, ती बापाकडून माझ्याकडे आली. तिच्यात एक दगडी विहीर आहे. जागा माझी असली तरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की पहिले दर्शन विहिरीचे होते, त्यामुळे ती मंडळींना आपलीच वाटे. आपली वाटणे म्हणजे काय, तर नाताळ उरकला की थर्माकोलच्या गव्हाणी तिच्यात, वाळलेले हार तिच्यात, जेवणावळीचे प्लास्टिकचे ग्लास तिच्यात. रोमहून पोपचे पत्रक आले होते, की ही पृथ्वी आपल्या सगळ्यांचे सामाईक घर आहे. फादरनी ते कळकळीने वाचून दाखवले. पण आमच्याकडे 'सामाईक' हा शब्द फक्त सातबाऱ्यावर असतो आणि तो ऐकला की माणूस वकिलाकडे जातो. झाडायची वेळ आली की सामाईक म्हणजे दुसऱ्याचे.

त्या विहिरीला एका चुकीने वाचवले.

लातूरला गाडीने पाणी आले त्या वर्षीचा राखेचा बुधवार. फादर वर्गीस केरळहून नुकतेच आले होते. मराठी पुस्तकातून शिकलेले. कपाळावर राख लावताना म्हणायचे वाक्य, की माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील, हे त्यांनी पाठ केले होते आणि रांगेच्या निम्म्यापर्यंत ते टिकलेही. माझ्या आत्याचा, केवळाबाईचा, नंबर आला आणि वाक्य डोक्यातून गेले. त्यांनी हातातली वाटी जरा पुढे केली, तिच्या कपाळाला बोट लावले आणि जेवढी मराठी उरली होती तेवढी उच्चारली:

"ही... राख."

आत्या बाजूच्या दारात उभी होती. वाटीच्या पलीकडे, दाराबाहेर, थेट विहीर. आणि आत्याचा जन्म गेला राखणीत. ज्वारी हुरड्यात आली की औशाच्या निम्म्या शेतकऱ्यांनी तिला माळ्यावर चढवून हेच दोन शब्द सांगितलेले, पट्टीकडे हात करून, "बाई, ही राख." तिने मान हलवली. "हाव," म्हणाली, आणि मिस्सा संपायची वाट न पाहता विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी येताना गोफण घेऊन आली.

मी समजवायला गेलो. "आत्या, ती राख म्हणजे भस्म गं. फादर वाटीबद्दल बोलत होते."

"वाटी कोन राखायला सांगतंय?" आत्या म्हणाली. "दया, तू लई शिकलास, पर तुला कुनी कदी कामाचं सांगितलं न्हाई."

मी घरी येऊन कोश उघडला. रक्ष्: राखणे, सांभाळणे. त्यावरून रक्षा. रक्षा म्हणजे सांभाळ, आणि रक्षा म्हणजेच राख. एकाच शब्दात दोन्ही. गुरुजींनी हे शिकवले होते. मी ते परीक्षेपुरते ठेवले होते. त्या दिवशी ते पान इतक्यांदा उघडले, की त्याचा कोपरा काळा पडला. कपाळाला राख लावून घ्यायची ती आपण मरणार हे आठवायला, एवढेच मला ठाऊक होते. मरायच्या आधी काय करायचे, ते त्याच शब्दात लिहिलेले होते.

फादरना मी हे सांगितले तेव्हा ते आधी कानापर्यंत लाल झाले आणि मग उठून उभे राहिले. "म्हणजे मी चूक नाही बोललो?" त्यांनी मला तीनदा विचारले. आज त्यांची मराठी माझ्या संपादकांपेक्षा शुद्ध आहे. तरी दर वर्षी आत्याचा नंबर आला की ते मुद्दाम थांबतात, वाटी पुढे करतात आणि तेवढेच म्हणतात. आज सकाळीही म्हणाले. आत्याने आजही "हाव" म्हटले.

आत्याच्या कारकिर्दीचे पहिले गिऱ्हाईक माझे मेव्हणे वसंत. चर्चच्या पॅरिश कमिटीचे सचिव. पुढच्या नाताळानंतर ते गव्हाण घेऊन आले. त्यांच्या पायाशी ढेकूळ फुटले.

"कोन हाय त्यो?"

"आत्या, मी वसंत. गव्हाण टाकायलो."

"बाळ येशू कुटाय?"

"त्यो घरी ठेवलाय."

"मग त्याचं घर बी घरीच ठेव."

या प्रसंगाची बातमी मी नावे गाळून पाठवली होती. संपादकांनी ती 'संक्षिप्त'मध्ये लावली आणि 'गोफण'चे 'गोपन' केले. सदर संपादकांना या मृत्युपत्राद्वारे मी काहीही देत नाही.

कलम ६. केवळाबाई हिला चर्चच्या बाजूची खोली तहहयात राहण्यासाठी, व विहिरीच्या कट्ट्यावर बसण्याचा हक्क तहहयात. (हे कलम खोडले आहे. कारण शेवटी पाहावे. खाडाखोडीवर माझी सही आहे.)

कलम ७. गाळ काढल्याची हकीकत लिहितो, कारण पुढच्या अटी त्याशिवाय कळणार नाहीत.

आत्याच्या राखणीने नवा कचरा थांबला, पण जुना आत होताच. कमिटीत विषय निघाला की ठराव होई, आणि ठराव झाला की काम झाल्यासारखे वाटे. शेवटी यंदा नाताळानंतर फादर वेदीवरून म्हणाले, "कमिटी राहू द्या. पापकबुलीला कमिटी येते का? एकेकटा येतो ना? तसे या. रविवारी मिस्सा झाली की ज्याने त्याने आपापल्या पापांइतक्या पाट्या गाळ काढायचा."

माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर रविवार ते. कोण किती पाट्या उचलतो याकडे उभे गाव डोळे लावून. वसंतरावांनी दोन पाट्या वर आणल्या आणि हात धुतले. कट्ट्यावरून आत्या म्हणाली, "दोनच? वसंता, घरी जाऊन नीट आठव." ते परत उतरले. सगळ्यात जास्त पाट्या फादरनी काढल्या, त्यामुळे चार दिवस त्यांच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघत होते. राजशेखर हे लिंगायत, बाजारात त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान. पहार, घमेली, दोर सगळे तिथूनच आले आणि मागून तेही आले.

"तू कशाला?" मी म्हणालो. "तुला तर आमची पापं लागू नाहीत."

"व्यापाऱ्याला पाप कुठलं," राजशेखर म्हणाला. "पर तुमच्याच्यानं ही हीर खाली हुईना. तुमी कबूलच कमी करायलाव."

कपाळावरच्या राखेवरूनही त्याचे मला ठरलेले बोलणे असते: आम्ही रोज लावतो, तुम्ही वर्षातून एकदा, म्हणजे तुम्ही सगळा भरणा मार्चएंडला करता. याचे उत्तर सापडल्यास पुरवणी मृत्युपत्रात लिहीन.

मला डॉक्टरांनी पाटी उचलायची बंदी केली होती. मी काठावर बसून बाहेर काय निघते ते बघत होतो. खाली खाली जाल तसे नाताळ जुने होत गेले. थर्माकोलचा एकही तुकडा कुजलेला नव्हता. दहा वर्षांपूर्वीच्या देवदूताचे पंख जसेच्या तसे. आमच्यात मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवावी लागते. थर्माकोलच्या बाबतीत श्रद्धेची गरज नाही.

उरलेला गाळ काढायला गेल्या शनिवारीही माणसे उतरली होती, आणि दुपारी खालून पहारीचा आवाज बदलला. राजशेखर ओरडला नाही, काही नाही. फक्त वर बघून म्हणाला, "दयानंदा, गार लागायलंय." दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी धार. मी आयुष्यभर दुष्काळाच्या बातम्या दिल्या, पाणी आटल्याच्या, टँकर उलटल्याच्या. ही बातमी मला लिहिताच येईना. उज्वला मला गोळी द्यायला आली होती. ती हातातली गोळी विसरून काठावर बसली. आत्याने पोहरा सोडला, पहिले पाणी शेंदले, स्वतः प्यायली नाही, फादरच्या ओंजळीत ओतले. फादरनी ते डोक्यावर घेतले आणि मल्याळीत काहीतरी म्हणाले. काय म्हणालात विचारले तर म्हणाले, "त्याला मराठी शब्द नाही." मी म्हटले, असेल, कोश बघतो. अजून बघतो आहे.

कलम ८. जी गोष्ट टळावी म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे, ती इथे.

त्याच संध्याकाळी वसंतराव आले. आजवर त्यांचे म्हणणे होते, की विहीर बुजवावी, वर पेव्हर ब्लॉक टाकावेत आणि लग्नाला जागा द्यावी. पाणी लागल्यावर त्यांनी मत बदलले.

"दाजी, देवानंच दिलंय," ते म्हणाले. "एक मोटर टाकू. टँकरवाला माझ्या वळखीचा हाय. उन्हाळाभर टँकर भरू द्यायचा. चर्चचा हॉल तेवढ्यात उठतो बघा."

"आणि झरा आटला तर?"

"देवानं पृथ्वीवर सत्ता दिलीय माणसाला. बायबलच्या पयल्याच अध्यायात हाय."

"वसंतराव, दुसरा अध्याय पण आहे. त्यात माणसाला बागेत ठेवले ते बाग कसायला आणि राखायला. तुम्ही पहिल्याच पानावर पुस्तक मिटता."

ते रागावले नाहीत. "हॉल काय माझ्यासाठी हाय का, दाजी?" एवढेच म्हणाले. आणि ते खरे आहे. त्यांना स्वतःसाठी काही नको असते. म्हणून तर त्यांना थांबवणे अवघड जाते.

माझी एकुलती एक मुलगी पुनम पुण्याला नोकरीत आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, विहीर माझ्या नावावर करा, मी विकणार नाही. पण मी तिथं बसू शकत नाही. कागदावर मी, आणि कट्ट्यावर कोण?" पोरगी माझी शोभते. वार्ताहराला पडायचा तो प्रश्न तिला पडला.

सोमवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही, तर आत्याच्या मागे कट्ट्यावर कोण, हा तो प्रश्न. शनिवारपासून मी त्यावरच आहे, आणि आज राख लावून घरी येताना उत्तर सापडले. सापडले तेव्हा रस्त्यात एकटाच हसलो. म्हणून आजच कट्ट्यावर येऊन लिहायला बसलो.

कलम ९. सदर जागा व विहीर माझी मुलगी पुनम हिला, पुढील अटींवर देतो. विहीर बुजवू नये. तिच्यावर स्लॅब टाकू नये; जाळी चालेल. मोटर बसवू नये, टँकर भरू नये. हाताने शेंदून जेवढे निघेल तेवढे पाणी कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पक्षाच्या माणसाने न्यावे. दर वर्षी राखेच्या बुधवाराआधी गाळ काढावा, ज्याने त्याने आपल्या पापांच्या मानाने.

कलम १०. केवळाबाईच्या पश्चात विहिरीची राखण माझे मेव्हणे वसंत यांच्याकडे राहील.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. देवासाठी झटायची त्यांच्याएवढी हौस गावात दुसऱ्या कोणाला नाही; तिला फक्त बसायला जागा हवी आहे. आणि ज्याने आत्याचे ढेकूळ पाहिले आहे, त्याला राखण म्हणजे काय हे समजावत बसावे लागत नाही.

हे कलम लिहून झाल्यावर मी त्यांना बोलावून वाचून दाखवले. त्यांनी उठून एकदा विहिरीत डोकावून पाहिले.

"म्हंजे मीच मला अडवायचं?" ते म्हणाले.

"हो."

"आन हॉल?"

"हॉलच्या वर्गणीत पहिले नाव उज्वलाचे लिहा. मी तिला विचारले आहे."

 मग ते हळूच आत्याला, "आत्या, गोफण?"

"ती मी मेल्यावर," आत्या म्हणाली. "आन आदी नेम शिक. पायाजवळ टाकायचं, पायावर न्हाई."

कलम ११. विहिरीतून निघालेले सर्व थर्माकोल, देवदूतांसह, ज्याचे त्याला परत. वसंतरावांचा वाटा पोत्यात बांधून ठेवला आहे.

कलम १२. माझ्या अंत्यविधीबाबत. फ्लेक्स लावू नये. मी भावपूर्ण नव्हतो आणि फोटोत तर नाहीच. जेवण पळसाच्या पत्रावळींवर. पेटीला साध्या कडुनिंबाच्या फळ्या. कबरीवर सिमेंट आणि फरशी नको. मातीला मिळशील असे देवाने सांगितले आहे. फरशीला मिळशील असे कुठे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

शेवट. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून राजशेखर व फादर वर्गीस सही करणार होते. राजशेखर वेळेवर आले. फादर खेड्यांवर राख लावायला गेले होते, त्यांची गाडी तिकडेच बंद पडली. आत्या म्हणाली, "मग माजा अंगठा घे. मी समदं बघितलंय."

मी तिला समजावले. तालुका कोर्टाच्या बातम्या देऊन एवढा कायदा मला येतो, की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. झाला, तर त्याला मिळालेले रद्द होते. "आत्या, अंगठा दिलास तर कलम सहा जाईल. तुझी खोली जाईल. कट्ट्याचा हक्क जाईल."

"खोलीला उज्वला हाय की."

"ठेवते की नाही बघते," उज्वला आत्याच्या खोलीतून म्हणाली, आणि आत्यासाठी चहा टाकला.

"आन कट्टा? कट्टा तू कोन मला देनार?" आत्या म्हणाली. "मला तर आदीच दिलेलाय. खोड ते."

मी खोडले.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, मला पसंत आहे, आणि सोमवारनंतर याची गरज लागली नाही तर मी स्वतः कट्ट्यावर बसून ते वसंतरावांना पुन्हा वाचून दाखवीन.

स्थळ: औसा, विहिरीचा कट्टा
तारीख: १८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार

लिहून ठेवणार: दयानंद भुजंग (ऊर्फ योसेफ) सोनकांबळे, सही

साक्षीदार १: राजशेखर मलप्पा, लोखंडी सामानाचे व्यापारी, औसा, सही

साक्षीदार २: केवळाबाई, धंदा राखण, राहणार सदर, डाव्या हाताचा अंगठा
(अंगठ्यात शाईबरोबर कपाळावरची थोडी राख आली आहे. ती खाडाखोड समजू नये.)